‘मॅडम, गुलाबी रंग दिसलाच नाही’

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं घेऊन):

‘मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. वय ३८. सेट झालंय, नोकरी कायम आहे, पीएच.डी. राहिली. लॉकडाउनमध्ये मोबाइलवर प्रॅक्टिकलचे व्हिडिओ करायला लागले आणि त्यात जीव रमला. आता मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीवर माझे दोन कोर्स चालतात. पण कॉलेजात माझं नाव ‘कॉम्प्युटरवाल्या मॅडम’ पडलंय. वेबसाइट, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची कागदपत्रं, ऑनलाइन अ‍ॅडमिशन, सगळं माझ्याच गळ्यात. विभागप्रमुख म्हणतात, व्हिडिओ पुरे झाले, सिंथेसिसमध्ये, म्हणजे नवी संयुगं बनवण्यात, पीएच.डी. करून टाका. मला मात्र ऑनलाइन शिक्षण आणि शैक्षणिक तंत्रज्ञान यातच प्राध्यापक म्हणून पुढे जायचंय. एका एडटेक कंपनीने दीडपट पगाराची नोकरी देऊ केलीय. हे खरंच करिअर आहे का? मला उशीर झालाय का? आणि एआय आल्यावर या कामाला अर्थ उरेल का? एक सांगायचं राहिलं. परवा एक विद्यार्थी म्हणाला, मॅडम, तुमच्या टायट्रेशनच्या व्हिडिओत गुलाबी रंग दिसलाच नाही. एवढी मेहनत करून असं ऐकलं की फार वाईट वाटतं.’

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. जाता जाता लिहिलेल्या तुमच्या शेवटच्या ओळींपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला तिथे दिसतात.

उद्या कॉलेजात गेलात की त्या मुलाला बोलवा. त्याचाच फोन घ्या, त्याच्याच डेटावर तो व्हिडिओ लावायला सांगा आणि गप्प बसून बघा. बहुतेक तो डेटा वाचवायला २४० किंवा ३६० अशा कमी दर्जावर पाहत असणार. व्हिडिओ लहान करताना पहिला घाव रंगातल्या बारीक फरकांवर पडतो. उजेड आणि अंधार डोळ्यांना चटकन कळतो, रंगाची सूक्ष्म छटा तितकी कळत नाही, म्हणून रंगाची माहिती मुळातच कमी साठवली जाते. आणि टायट्रेशनमध्ये, म्हणजे ब्युरेटच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडताना, जिथे थांबायचं तो फिनॉल्फ्थॅलीन या रंगदर्शकाचा एंड पॉइंट म्हणजे काय? पांढऱ्या टाइलवर ठेवलेल्या कॉनिकल फ्लास्कमध्ये जेमतेम टिकणारी फिकट गुलाबी झाक. ती झाक तुमच्या फोनवर होती, लॅपटॉपवर होती, त्याच्या फोनवर पोहोचेपर्यंत पुसली गेली. मग त्याने काय केलं असेल? रंग ठळक दिसेपर्यंत ब्युरेट चालू ठेवायचं, असंच तो शिकला असेल. म्हणजे तुमच्या व्हिडिओने त्याला चुकीचं टायट्रेशन शिकवलं, आणि कळवायचं धाडस त्यानेच दाखवलं. एवढं धाडस आपली मुलं सहसा दाखवत नाहीत. त्याचे आभार माना.

वाईट वाटून घेऊ नका. ज्या क्षेत्रात तुम्हाला जायचंय, त्याचा पहिला खरा संशोधन-प्रश्न त्या मुलाने तुम्हाला आयता आणून दिलाय. रंगबदलावर उभा असलेला प्रयोग लहान पडद्यावर कसा दाखवायचा? आधी आणि नंतरचे फ्लास्क शेजारी शेजारी ठेवायचे का? एक थेंब कमी, बरोबर, एक थेंब जास्त असे तीन फ्लास्क दाखवले तर मुलं प्रत्यक्ष लॅबमध्ये एंड पॉइंटवर थांबतात का? तुमच्याकडे बॅचेस आहेत, ब्युरेट आहेत, मुलांची रीडिंग जर्नलमध्ये लिहिलेली असतात. लाखो रुपयांची उपकरणं लागत नाहीत, आणि तरीही हे संशोधन आहे.

आता ‘हे करिअर आहे का’ याकडे येते. आहे. पण ते तुम्ही समजताय तसं रसायनशास्त्राच्या दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारात शिरण्याचं नाही. आपल्याकडे या क्षेत्रात ज्यांनी मोठं काम उभं केलं त्यांच्याकडे बघा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं, त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. पुढे ते इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. मूळचे ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आयआयटी मुंबईचे डॉ. दीपक फाटक कॉम्प्युटर सायन्सचे. गावोगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या हजारो शिक्षकांना दूरच्या केंद्रांवर बसवून एकाच वेळी प्रशिक्षण द्यायचं काम त्यांनी उभं केलं. स्पोकन ट्युटोरियल उभं करणारे कण्णन मौद्गल्य तर केमिकल इंजिनीअरिंगचे, म्हणजे जवळजवळ तुमच्याच घरचे. त्या ट्युटोरियलची रचना एकदा बारकाईने पाहा: साधारण दहा मिनिटं, शिक्षक समोर नाही असं धरूनच लिहिलेली स्क्रिप्ट, आणि आवाज वेगळा असल्यामुळे मराठीसह कितीतरी भारतीय भाषांत तोच धडा नव्याने बोलता येतो. परदेशात कार्ल वीमन यांना २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि २००२ मध्ये त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात फेट हा सिम्युलेशनचा प्रकल्प सुरू केला. त्यातली रसायनशास्त्राची सिम्युलेशन्स तुम्ही वर्गात वापरलीही असतील, काही मराठीत आहेत.

ही सगळी माणसं आपापल्या विषयात मुरलेली होती. तो विषय शिकताना समोरचा कुठे अडतो, हे पाहता पाहता ती तंत्रज्ञानाकडे आली. तुम्ही त्याच वाटेवर आहात.

माझं सांगते. मी गणिताची. १९९०च्या दशकात बाहेरून परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी मी ऑडिओ कॅसेट आणि त्यासोबतची स्वाध्याय-पुस्तिका करायचे. एक पाठ घरात, पंखा बंद करून, रात्री अकरानंतर रेकॉर्ड केलेला. पुढे बढतीच्या मुलाखतीत एका तज्ज्ञांनी ती पुस्तिका बाजूला सरकवली आणि विचारलं, ‘हे ठीक आहे, पण तुमचा खरा विषय कोणता?’ मी कॅसेटची संख्या सांगितली. किती केंद्रांवर गेल्या ते सांगितलं. बढती सहा वर्षं लांबली. तो प्रश्न अपमानाचा वाटला होता, आणि विचारण्याची पद्धत अपमानाचीच होती. पण माझ्याकडे खरं उत्तर होतं, ते मी दिलं नाही. ऋण संख्या वजा करताना मुलं नेमकी कुठे चुकतात, तीन प्रकारे चुकतात आणि त्यातल्या दोन चुका ऐकून सुधारत नाहीत, त्यासाठी कागदावर संख्यारेषा काढावीच लागते, हे मला वह्या तपासून तपासून कळलं होतं. तो माझा विषय होता. मी कॅसेट मोजत बसले. तुम्ही व्हिडिओ मोजू नका.

म्हणून पीएच.डी. सिंथेसिसमध्ये करू नका. विभागप्रमुखांचा हेतू चांगला असेल, पण रोज सकाळी उठून ज्याचा विचारही मनात येत नाही अशा विषयावर पाच वर्षं घालवणं म्हणजे स्वतःवर अन्याय. रसायनशास्त्राचं शिक्षण हाच विषय घ्या. जगात त्याची मोठी परंपरा आहे. ग्लासगोच्या अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी मांडलेला त्रिकोण तुम्ही वाचलाच पाहिजे. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतं: डोळ्यांना दिसणारं, कणांच्या पातळीवर घडणारं आणि चिन्हांत लिहिलं जाणारं. शिक्षक या तिन्हींत सहज उड्या मारतो आणि मुलगा पहिल्याच उडीत पडतो. तुमच्या व्हिडिओत पहिली पातळीच पुसली गेली होती. मग फळ्यावरच्या समीकरणाला तो कशाशी जोडणार होता?

कुठे करायची? मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र विज्ञान शिक्षणातच पीएच.डी. देतं, आणि रसायनशास्त्राच्या ऑलिंपियाडचं कामही तिथूनच चालतं. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र अभ्यासक्रम २०१० पासून आहे. एसएनडीटीचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग जुहूला आहे. तुमच्या स्वतःच्या विद्यापीठात रसायनशास्त्राखालीच शिक्षणविषयक प्रबंध मान्य करणारा गाईड मिळाला तर संसाराच्या दृष्टीने ते सगळ्यात सोपं. नोकरी सांभाळून कुठे जमेल, ते त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा.

एक खड्डा मात्र आधीच दाखवून ठेवते. नियमांत ‘संबंधित विषयातली’ पीएच.डी. असा शब्द येतो. शिक्षणशास्त्र विद्याशाखेची पदवी घेऊन तुम्ही रसायनशास्त्रातल्या प्लेसमेंटला, म्हणजे बढतीला, उभ्या राहिलात, तर कुणीतरी फाइलवर शेरा मारणार. त्यामुळे नोंदणीच्या आधी प्राचार्यांमार्फत विद्यापीठाला पत्र द्या आणि विषय ग्राह्य धरणार का, याचं लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘हो हो, चालतंय’ यावर विसंबू नका. उलट बाजूही समजून घ्या. उद्या शिक्षणशास्त्र विभागातल्या जागेसाठी अर्ज करावासा वाटला, तर रसायनशास्त्राची एम.एस्सी. आणि सेट तिथे पुरणार नाही. त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट वेगळं लागेल. निव्वळ ‘शैक्षणिक तंत्रज्ञानाचे प्राध्यापक’ अशा जागा महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. तुमची कायम खुर्ची रसायनशास्त्राची आहे. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं घासणाऱ्या आपल्या हजारो मुलामुलींकडे पाहिलं की त्या खुर्चीची किंमत कळते. तीच धरून हे काम करा.

आणि हे काम मोजलं जात नाही असं आता राहिलेलं नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांतला संशोधन-गुणांचा तक्ता काढून बघा. चार क्रेडिटचा संपूर्ण मूक (सगळ्यांसाठी खुला ऑनलाइन कोर्स) चारही अंगांनी, म्हणजे व्हिडिओ, वाचन-साहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन यांसह तयार केला तर २० गुण. एका मॉड्यूलला ५. कोर्सच्या समन्वयकाला ८. विज्ञान शाखेत एका शोधनिबंधाला ८ गुण आहेत, म्हणजे एक पूर्ण कोर्स अडीच निबंधांच्या बरोबरीचा. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यातही मूकसाठी डिजिटल साहित्य तयार करणं हे वेगळं योगदान म्हणून धरलंय. तुमचे मूडलवरचे दोन कोर्स मात्र आज कॉलेजच्या सर्व्हरवर आहेत, त्यांना कुणी बाहेरच्याने तपासलेलं नाही. ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या मंचासारख्या ठिकाणी जाण्यासाठी आधी एखाद्या समन्वयकाच्या हाताखाली एक-दोन मॉड्यूल लिहा. ‘स्वयं’ २०१७ पासून सुरू आहे आणि २०२१च्या नियमांनुसार विद्यार्थ्याला एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून घेता येतात. आपल्या भागातली मुलं ते घेतील तेव्हा त्यांना समजेल अशा भाषेत बोलणारी, त्यांचं लॅब पाहिलेली बाई तिथे असायला हवी. मला हे मनापासून वाटतं.

कॉलेजातल्या नावाबद्दल. ‘कॉम्प्युटरवाल्या मॅडम’ हे नाव ज्या दिवशी स्वीकारलं त्या दिवशी प्रिंटर बंद पडला तरी तुम्हालाच हाक येणार. प्राचार्यांना भेटा, रागावून नको, टाइमटेबल लागायच्या आधी. म्हणा, ‘सर, वेबसाइट आणि अ‍ॅडमिशनचं काम मी जूनपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी शिकवून देते. मला आठवड्याला दोन तास लॅबमध्ये ऑनलाइन प्रॅक्टिकलच्या अभ्यासासाठी द्या. वर्षाच्या शेवटी मी कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला, आयक्यूएसीला, अहवाल देईन, तो नॅकसाठी वापरता येईल.’ नॅकचं नाव घेतलं की ऐकून घेतात, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. जे ठरेल ते मिनिट्समध्ये येऊ द्या.

कंपनीच्या नोकरीत वाईट काही नाही. तुमच्यावर कर्ज असेल, घरी आजारपण असेल, तर दीडपट पगार ही मोठी गोष्ट आहे, आणि तसं असेल तर माझं म्हणणं बाजूला ठेवा. पण तसं काही पत्रात नाही. पत्रात आहे तो एक मुलगा, ज्याने तुम्हाला येऊन सांगितलं. कंपनीत तुम्हाला आकडे दिसतील: किती जणांनी व्हिडिओ सुरू केला, कुठे सोडला. ते आकडे कामाचे असतात. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन मंचाच्या कोर्सेसमधले व्हिडिओ ६९ लाख वेळा पाहिले गेल्याचा अभ्यास फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक जास्त टिकून पाहतात असं त्यांना आढळलं. तेव्हापासून सगळे सहा मिनिटांचा जप करतात. पण पाहिलं म्हणजे शिकलं असं त्यातून सिद्ध होत नाही. तुमच्या विद्यार्थ्याने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला असणार. आकड्यांत तो ‘पूर्ण केला’ म्हणूनच मोजला गेला असता.

याच क्षेत्रात एक जुना वाद आहे, तो वाचून ठेवा. १९८३ साली अमेरिकेतले रिचर्ड क्लार्क यांनी लिहिलं की माध्यमं ही मालवाहू गाडीसारखी आहेत. किराणा घेऊन आलेल्या ट्रकमुळे आपलं पोषण बदलत नाही, तसंच माध्यम बदलल्याने शिकणं बदलत नाही. रॉबर्ट कोझमा यांनी त्याला विरोध केला. माध्यमाची स्वतःची ताकद असते आणि ती वापरता यायला हवी, असं त्यांचं म्हणणं. मी अनेक वर्षं क्लार्कच्या बाजूची होते. तुमच्या गुलाबी रंगाचं वाचल्यावर वाटलं, ट्रकमध्ये माल नासतो हेही पाहावंच लागतं.

१९७५-७६ मध्ये आपल्या देशाने उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही कार्यक्रम पोहोचवले. १९८४च्या १५ ऑगस्टला यूजीसीने दूरदर्शनवर उच्चशिक्षणाचे कार्यक्रम सुरू केले, पुण्यातलं माध्यम केंद्र त्याच काळातलं. २००४ साली शिक्षणासाठी एज्युसॅट हा वेगळा उपग्रहच सोडला. प्रत्येक वेळी ‘आता शिक्षकाची गरज संपली’ असं कुणी ना कुणी म्हणालं. त्यामुळे एआयबद्दल तुमच्या मनात आलेली भीती मी समजू शकते, पण तिने पाऊल मागे घेऊ नका. टायट्रेशनवर स्वच्छ मराठीत पाच पानं आज कुठलाही चॅटबॉट मिनिटभरात लिहून देईल. व्हिडिओची स्क्रिप्टही देईल. तुम्ही ती घ्या, तपासा, वापरा. त्या मुलाच्या फोनवर रंग पुसला गेला, हे कळायला मात्र कुणीतरी त्या मुलाच्या शेजारी बसलेलं असावं लागतं. निव्वळ साहित्य तयार करण्याच्या कामाचा भाव उतरेल. तेवढ्याच भरवशावर हे करिअर करायचं ठरवलं असेल तर मात्र आत्ताच थांबा.

उशीर? ३८ला? नोकरीची वीस-बावीस वर्षं तुमच्यासमोर आहेत. पीएच.डी.ची पाच धरा, तरी हातात पंधरा उरतात.

आता लगेचचं काम सांगते, कारण मोठ्या गोष्टी बोलून पत्र बंद करायचं मला आवडत नाही. एक जाड शंभरपानी वही घ्या. डावीकडे तारीख, बॅच, व्हिडिओ. उजवीकडे मूल नेमकं काय म्हणालं, त्याच्याच शब्दांत, तुमच्या शब्दांत नको. ‘समजलं नाही’ असं कुणी म्हणालं तर विचारा, ‘कुठपर्यंत समजलं होतं?’ आणि तिथला मिनिट-सेकंद लिहा. मुलांच्या नोंदी संशोधनात वापरायच्या तर त्यांची लेखी संमती पहिल्या दिवशीच घ्या, नंतर घेतलेली चालत नाही. वहीत नाव घालू नका, क्रमांक घाला. व्हिडिओ पुन्हा चित्रित कराल तेव्हा कॅमेऱ्यावर पैसे घालण्याआधी कॉलरचा माइक घ्या. खराब चित्र मुलं सोसतात, खराब आवाज सोसत नाहीत. आणि चॅनेलवर टाकण्याआधी प्रत्येक व्हिडिओ एकदा २४० वर, उन्हात उभं राहून, सगळ्यात जुन्या फोनवर बघा. तुमच्या लॅब असिस्टंटचा फोन चालेल.

तीन फ्लास्कचा प्रयोग पुढच्याच बॅचला करा. अर्ध्या मुलांना जुना व्हिडिओ, अर्ध्यांना नवा, आणि मग सगळ्यांना त्याच द्रावणाचं टायट्रेशन. जुना व्हिडिओ पाहिलेल्या मुलांचं नुकसान होऊ देऊ नका, दुसऱ्या दिवशी त्यांनाही नवा दाखवा. ब्युरेटची रीडिंग जशीच्या तशी उतरवून घ्या, एखादं बेंगरूळ आलं तरी खोडू नका. ती रीडिंग आणि त्या मुलाने नवा व्हिडिओ पाहून काय म्हटलं, ते मला कळवा. मी वाट पाहते.

तुमची,
सल्ला सदरातली ताई